कपावरची लाल खूण

प्रिय ठमे,

हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती देतोय. तो संध्याकाळी तुझ्या आईचा स्वेटर आणि दुसरा चष्मा न्यायला येणार आहे. पाकीट डिंकाने चांगलं घट्ट चिकटवलंय, कारण जावयाने सासऱ्याची फजिती वाटेत वाचावी एवढ्या मोठ्या मनाचा मी अजून झालेलो नाही. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू लगेच 'असू दे हो बाबा' म्हणून मोकळी होतेस. या वेळी ते 'असू दे' मला इतक्या सहज नकोय. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंय तशी कुशीवर पडूनच वाच, आणि मध्ये उठू नकोस.

आधी गुंड्याचं सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. त्याचं गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललंय. कदाचित ते लागणारही नाही. आत्ता हा पठ्ठ्या माझ्या पायाशी आडवा पसरलाय, डोकं माझ्या चपलेवर ठेवून, आणि झोपेत कुणावर तरी भुंकतोय. पुढचे दोन्ही पाय अजून वाकडेच आहेत. खोटं नाही सांगत. खोटं सांगून झालंय माझं, तेच निस्तरायला बसलोय.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तुला बाळासाठी झोपून राहायला सांगितलं, आई तुझ्याकडे राहायला आली आणि तू त्याला माझ्याकडे आणून सोडलंस. सोबत त्याचं अंथरूण, त्याचा चावून चावून एकच कान उरलेला ससा, कोरड्या खाण्याची मोठी पिशवी, एक प्लॅस्टिकचा कप आणि तुझ्या अक्षरातली तीन पानं. त्या पिशवीसाठी तू आठ दिवस घालवले होतेस. दुकानात उभी राहून एकेका पिशवीची पाठ वाचत होतीस, कंपन्यांना फोन करत होतीस. मी म्हणालोसुद्धा, की नवरा निवडताना इतकी चौकशी केली असतीस तर बरं झालं असतं. (हे त्याला दाखवू नकोस.) तुझ्या पानांवर स्पष्ट लिहिलं होतं, की हे मोठ्या जातीचं पिल्लू आहे, पुढे वजनात तुझ्या आईच्या बरोबरीला जाईल (हेही आईला दाखवू नकोस), म्हणून त्याला सावकाश वाढवायचं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच खाणं द्यायचं, त्यात हाडांचा चुना, म्हणजे कॅल्शियम, मोजून-मापून घातलेला असतो. कपावर लाल नेलपॉलिशने खूण केली आहे, तिच्या वर एक दाणा नको. वरून काहीही घालायचं नाही. आणि हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत.

ही बरगड्यांची ओळ वाचूनच माझं डोकं सणकलं. ठमे, मी चौतीस वर्षं कोंबडीखाद्याच्या कारखान्यात काढली. मिश्रणाची वही माझ्याकडे होती. मका किती, पेंड किती, हाडांसाठीची चुन्याची पांढरी पूड किती, हे मी ठरवायचो आणि बेचाळीस दिवसांत चिमूटभर पिल्लाची भरगच्च कोंबडी करून दाखवायचो. भल्याभल्यांनी मला विचारायला यावं असा माणूस मी, आणि कालची पोरगी मला सांगते की जनावराच्या बरगड्या लागल्या पाहिजेत! माझ्या घरात! मी तुझी तीन पानं घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली.

तरी पहिले आठ-दहा दिवस खूण पाळली, बरं का. मग बागेत फिरताना ते जाडे निवृत्त मॅनेजर भेटले. त्यांच्या कुत्र्याला पोटामुळे कूस बदलता येत नाही. गुंड्याकडे बघून ते म्हणाले, अहो, याला खायला घालता की नुसतं फिरवता? झालं. मी तसाच दुकानात गेलो आणि तू वाचल्या होत्यास त्याच पिशव्यांच्या पाठी वाचल्या, फक्त उलट्या डोक्याने. जिच्यात सगळ्यात जास्त प्रथिनं, सगळ्यात जास्त चरबी, सगळ्यात जास्त चुना, ती उचलली. मनात म्हटलं, मोठं घर बांधायचं तर सिमेंट जास्त लागणारच की. एवढ्यावर थांबलो असतो तरी थोडक्यात निभावलं असतं. पण जित्याची खोड. माळ्यावर कारखान्यातला डबा होता, निरोपाच्या दिवशी गंमत म्हणून आणलेला, त्या पांढऱ्या पुडीचा. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा.

आणि काय वाढला म्हणून सांगू! स्वयंपाकघराच्या दाराला मी तक्ता लावला, कारखान्यात लावायचो तसा, आणि दर सोमवारी त्याला वजनकाट्यावर उभं करून आकडा लिहायला लागलो. निवृत्त झाल्यापासून असा आनंद मला कशाचा झाला नव्हता. बागेत लोक थांबून बघायचे. मॅनेजर गप्प झाले. तुला मात्र मी दर रविवारी आकडा कमी करून सांगत होतो, कारण तू सावकाश म्हणाली होतीस. फोटो मागायचीस तेव्हा तुझी जुनी पिशवी वाडग्यामागे उभी करायचो. आत खाणं माझं, बाहेर चित्र तुझं. तुझं खरं खाणं गच्चीवरच्या डब्यात पडून होतं. सत्तरीला आलेला माणूस मी, आणि शाळकरी पोरासारखी कॉपी करत होतो. तेव्हा लाज वाटली नाही. वाटायचं, पोरगी येईल, तिला त्याला बघून धक्का बसेल, आणि मग मी सांगेन की बघ, याला म्हणतात अनुभव.

मग तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी वाडगा ठेवला, आणि गुंड्या बसून खायला लागला. उभा राहीना. पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला घसरत होते. ठमे, आता जे लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी ते बसणं ओळखलं. सहाव्या आठवड्यात आमची पिल्लं तशीच बसायची. अंग वाढलेलं आणि पाय मागे राहिलेले. नोकरीला लागलो तेव्हा मी साहेबांना विचारलंही होतं, की यांच्या पायांचं काय. ते हसून म्हणाले होते, अरे, यांना चालत कुठे जायचंय? सगळे हसले, मीही हसलो. पुढे नव्या पोरांनी मला विचारलं, तेव्हा तोच विनोद मी त्यांना ऐकवला. बेचाळीस दिवसांचा हिशोब होता तो. त्यापुढे पाय टिकायची आम्हाला गरजच नव्हती. गुंड्याला बारा वर्षं चालायचंय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

ओळखलं, आणि तरी गप्प बसलो. डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा सांगितलं, ओल्या फरशीवर घसरला. खायला काय देता, तर तुझ्या पिशवीचा फोटो दाखवला. वरून काही घालता का, तर म्हणालो, छे हो, चिमूटभरसुद्धा नाही. त्या बिचाऱ्या चक्रावल्या. इतकं नीट निवडलेलं खाणं, मग हाडं अशी का? तेव्हा घसरून हाडाच्या वाढीच्या जागी इजा झाली असावी असं त्यांनी धरलं आणि ऑपरेशनचा दिवस दिला. वजन का जास्त, याचंही त्यांना उत्तर हवं होतं. त्यांनी तुला फोन करून विचारलं, की कपाचं माप चुकलं तर नाही ना. त्यावर तू मला रविवारी फोनवर जे म्हणालीस, त्याकडे शेवटी येतो. आत्ता हात धजत नाही.

आज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. सोबत पांढऱ्या पुडीचा डबा, माझी पिशवी आणि दारावरचा तक्ता, सगळं घेतलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं होतं, डॉक्टरीणबाई कुलूप काढायच्या आत मी बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावरचा 'इजा' हा शब्द खोडला आणि मला शांतपणे समजावलं. मोठ्या कुत्र्याचं पोट जादा चुना नको म्हणू शकतं. इतक्या लहान पिल्लाच्या पोटाला नको म्हणता येत नाही. जेवढं घालाल तेवढं ते घेतं, आणि हाडं बिघडतात. वर वजनाचा भार. हे सगळं तुझ्या तीन पानांत होतं. घरी येऊन ड्रॉवरमधून काढून पुन्हा वाचलं. दुसऱ्या पानावर तू खाली रेघसुद्धा ओढली आहेस.

आता पूड बंद. तुझीच पिशवी, ताजी, आज आणली. वजन हळूहळू उतरवायचं, उड्या बंद, जिने बंद, पट्टा लावून थोडं थोडं चालवायचं, आणि महिन्याने पुन्हा एक्सरे. पाय सरळ होतील का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, वय अजून हातात आहे, पण खात्री देणार नाही. थोडा बाक राहीलही. राहिला तर तो माझ्यामुळे राहील, एवढं तुला माहीत असायला हवं. निघताना त्यांनी एकच विचारलं, मुलीला सांगितलंत का? मी म्हटलं, आज लिहितो.

तर आता रविवारचं. तू म्हणालीस, की खूण करताना तुला गरगरत होतं, ती वरच लागली असणार, चूक तुझीच. मग म्हणालीस, बाबा, मला एका कुत्र्याच्या पिल्लाचं खाणं धड निवडता येत नाही, दोन महिन्यांनी बाळ हातात देतील, त्याचं मी काय करणार? तू रडत होतीस. आणि मी, तुझा बाप, माझी ती पिशवी समोर असताना, म्हणालो की होतं असं कधीकधी. मुलीने माझी चूक आपल्या पदरात घेतली आणि मी ती घेऊ दिली. कोंबड्यांचं, कुत्र्याचं, सगळं एकीकडे, पण त्या एका वाक्याची मला जन्मभर लाज वाटेल. म्हणून हे पत्र. परवापासून मी तो कप चार वेळा मोजून बघितला. तुझी खूण बरोबर आहे, ठमे. अगदी दाण्यापर्यंत बरोबर. ती पहिल्यापासून बरोबर होती, आणि मला रोज दिसत होती.

तुझाच,
बाबा