कोंबड्यांच्या खुराड्यातली बोट

क्रिसफील्ड, मेरीलँड
९ ऑक्टोबर १९८६

प्रिय ऑरिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच दमात सांगते: तुमची बोट सापडली. मागचे कापलेले तेरा फूटही सापडले, आणि त्यांत सध्या कालवं धरणाऱ्या आपल्या ॲस्बरीच्या अकरा कोंबड्या राहतात. आता पुढचं वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही, एकेचाळीस वर्षांत तुझा स्वभाव बदलला नसेल तर.

सुरुवात मी केली नाही. मे महिन्यात लूमिस नावाचे एक गृहस्थ मोजपट्टी घेऊन धक्क्यावर आले. तरुणपणी तेही टॉर्पेडो बोटीवर होते, आता निवृत्तीनंतर उरल्यासुरल्या बोटी शोधत किनारे पालथे घालतात. पॅसिफिकमधल्या बहुतेक बोटी युद्ध संपल्यावर आपल्याच लोकांनी वाळूवर ओढून जाळल्या, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तुम्ही होतात त्या भूमध्य समुद्रातल्या काही तेवढ्या परत आल्या आणि विकल्या गेल्या. कुणी त्यांत घर थाटलं, कुणी हौशी मंडळींना मासेमारीला नेलं, आणि आपल्याकडच्यांनी अर्थातच कालवं वाहिली. धक्क्यावर सगळे लूमिसना हसत होते. मीही हसले असते. पण आपला एल्वुड ज्या बोटीवर मारला गेला ती अजून कुठल्या तरी चिखलात उभी असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. भाऊ आला नाही म्हणजे बोटही आली नाही, असं मी धरून चालले होते. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईचं हे ज्ञान.

मग काय, मी त्यांच्या मोटारीत जाऊन बसले. चार महिन्यांत आम्ही नऊ खाड्या पाहिल्या आणि मी डास व महोगनीच्या फळ्या या दोन्ही विषयांत तरबेज झाले. वरचा रंग खरवडायचा, खाली एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या फळ्यांचे दोन थर आणि मधे कापड दिसलं, तर ती त्यातली. डेकवर टॉर्पेडो जिथं बसवायचे तिथली भोकं लाकडाच्या बुचांनी बुजवलेली असतात, त्यांतली अंतरं मोजायची. दहावी खाडी निघाली ॲस्बरीच्या घरामागची. तिथं त्याची कालवं वाहायची जुनी बोट उभी होती; तू गावातच राहिला असतास तर तिच्यावर बसून आपण कधीच खेकडे खाल्ले असते. फळ्या जुळल्या, बुचं जुळली. बोटीचा आकडा मागच्या तुळईवर कोरलेला असतो म्हणून आम्ही मागं गेलो, तर बोट तिथं संपलेलीच. ॲस्बरी शांतपणे म्हणाला, “कापली ना मी. पासष्ट फुटांवर गेली की परवानावाला कप्तान ठेवा, तपासण्या करून घ्या, ही सगळी कटकट. आत राहिली की मीच कप्तान अन् मीच खलाशी.” लूमिसांचा चेहरा पडला. वहीत त्यांनी ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलं, माझ्याकडं आठ थरांचा केक खाल्ला आणि निघून गेले.

परगावचा माणूस. आपल्या किनाऱ्यावर लाकूड टाकून देतं कोण, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. तुझ्या वडिलांनी फुटक्या होडीचं संडासाचं दार केलं होतं, आठवतं? खरं सांगते, मलाही तो दोन दिवसांनी पडला, रविवारी, प्रवचन चालू असताना. ॲस्बरी पुढच्याच बाकावर होता. त्याच्या पाठीत बोट खुपसून मी विचारलं, तो तुकडा कुठाय. मान न वळवता म्हणाला, “कुठं जातोय? कोंबड्या आहेत त्यात. आता गप बस, पाद्रीबुवा बघतायत.”

दुपारी मी तशीच चर्चच्या कपड्यांत त्या खुराड्यात रांगत शिरले. ॲस्बरी दाराशी बॅटरी धरून उभा. “त्या काळीपासून जपून हं, आयडेला. तिला पाहुणे खपत नाहीत.” विष्ठा आणि चुना खरवडल्यावर तुळईवर आकडा निघाला. आईच्या पेटीत नौदलाचं जे पत्र होतं, त्यातलाच. डाव्या बाजूच्या फळ्यांत अंगठ्याएवढी सात बुचं होती. ती टॉर्पेडोंची नव्हती, गोळ्यांच्या भोकांची होती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी एकेका बुचावर अंगठा ठेवून पाहिला. काळी कोंबडी माझ्या पायावरून चालत पलीकडं गेली.

आता जे लिहायला मी तीन आठवडे टाळाटाळ केली ते. पंचेचाळीस सालच्या नोव्हेंबरात तू आमच्या ओसरीवर आलास आणि आईला म्हणालास, “मागच्या टोकाला, धूर सोडून बोट लपवायच्या टाकीवर, त्या दिवशी माझी पाळी होती. मी तापानं फणफणलो होतो. माझ्या जागी एल्वुड गेला.” आई म्हणाली, “मग तू कशाला आलास?” मी जाळीच्या दाराआड उभी होते, हातात तुझ्यासाठी कापलेला केक. मला बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मी तुझी अंगठी परत पाठवली आणि तू एरी सरोवरावरच्या मालवाहू जहाजांवर निघून गेलास. आई या मार्चमध्ये गेली. शेवटपर्यंत तिनं तुझं नाव घेतलं नाही, आणि मीही तिच्यासमोर घेतलं नाही. माझं आडनाव मात्र तेच आहे, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच.

ऑरिन, खुराड्याच्या छताला त्या मागच्या कप्प्याचं झाकण अजून आहे. त्याच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं पाळ्या लिहिल्यात, पाच नावं, चव्वेचाळीस सालचा ऑगस्ट. पाळी करून आला की ज्यानं त्यानं पुढं खूण केलेली. एकवीस तारखेसमोर एल्वुडच्या अक्षरात एल्वुड आहे, शेजारी तो शाळेच्या वह्यांत काढायचा तो वाकड्या पायांचा खेकडा, आणि खूण नाही. नाव खोडलेलं नाही, वर दुसरं लिहिलेलं नाही. तुझं नाव त्याच्या खाली, बावीस तारखेला. एल्वुड गेल्याची जी तार आमच्याकडं आली तिच्यातही एकवीसच तारीख आहे, मी पन्नासदा ताडून पाहिली. पाळी त्याचीच होती. तुझी दुसऱ्या दिवशी होती. तापात तुझा एक दिवस हरवला, आणि तुला विचारायला, तपासायला, थांबवायला जे कुणी होतं ते दाराआड केक धरून उभं राहिलं. लूमिस पुढच्या महिन्यात दोन्ही तुकडे न्यायला येतायत. ॲस्बरीनं त्यांना कळवलंय, “ऑरिननं बघितल्याशिवाय त्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही.” माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, एकदा ठेवून पाहिलास. ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच. या वेळी दार मी उघडेन.

त्या दिवशी गप्प राहिलेली, आणि तरीही
तुझीच
आयडेला