नळी तुझीच आहे

बेंच क्रीक, मोंटाना
३ ऑक्टोबर २०१४

प्रिय ऑरिन,

सप्रेम नमस्कार. तू बरा असशील, निदान गुडघे सोडून बाकी सगळा बरा असशील, असं धरून चालतो. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे शेगडीत टाकायला उठला असशील, तर दोन मिनिटं बस. शेगडी कुठे पळून जात नाही.

इकडची खबर म्हणजे परवा डोंगरमाथ्यावर बर्फ पडला आणि एल्क हरणं खाली उतरायला लागली. सकाळी कॉफी घेऊन मागच्या पायरीवर बसलं की नरांची ती लांबलचक शीळ ऐकू येते. मार्लिस असती तर म्हणाली असती, "जा, तुमचे पाहुणे हाका मारताहेत." तिला जाऊन सात महिने झाले. चर्चमधल्या बायकांनी पहिले सहा आठवडे भाजलेल्या बटाटा-मांसाची भांडी भरून आणून दिली. मग एकेक करून आपापली भांडी मागून नेली. आता घरात भांडी सगळी माझीच आहेत.

मी बहुतेक तळघरातच असतो. रिकाम्या काडतुसांच्या पुंगळ्या साफ करायच्या, टोप्या बसवायच्या, दारू तोलायची, गोळी बसवायची. त्यात दिवस जातो. वर्षाला एक एल्क, म्हणजे वर्षाला एक काडतूस, फार तर दोन. या उन्हाळ्यात मी चारशे ऐंशी भरली. हसू नकोस.

आता कामाचं. ज्या दारूवर मी इतकी वर्षं काडतुसं भरली (बंदुकीच्या; पिण्याची मी नाताळातच घेतो, तुला ठाऊक आहे) ती दुकानातून नाहीशी झाली आहे. दुसरा डबा आणला, पण तीनशे यार्डांवर पाचातल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि दोन रुसून लांब बसतात. काय करावं? गोळी आणखी थोडी बाहेर ठेवून बसवू का? तू बसवलेल्या नळीला ती पुढे सरकवलेली आवडायची, एवढं मला आठवतं. बाकी बंदूक आता छान चालते. का चालते ते कॅफेत सगळ्यांना माहीत आहे, तुझ्याही कानावर आलंच असेल. ते इथे उगाळत नाही.

डार्ला कॉफी ओतता ओतता सांगत होती की तू घर विकलंस आणि महिनाअखेरीस जोलीनकडे स्पोकेनला निघालास. लेक चांगली निघाली तुझी. जायच्या आधी दारूबद्दल दोन ओळी लिहिल्यास तर बरं होईल.

तुझा जुना सोबती,
लोवेल

१२ ऑक्टोबर २०१४

ऑरिन,

तुझं उत्तर नाही. मीही दिलं नसतं.

मागच्या पत्रात मी थापा मारल्या. दारू दुकानात हवी तेवढी मिळते, तीन डबे माझ्याच फळीवर आहेत. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून लागतात. गोळी किती खोल बसवायची हेही मला पाठ आहे. तुला विचारण्यासारखं काहीतरी हवं होतं, म्हणून विचारलं. घरात आता विचारायला कोणी नाही, "मीठ झालं का?" एवढंसुद्धा.

आता नीट लिहितो. तुला ठाऊक आहे तेही लिहितो, कारण ते माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस.

दोन हिवाळे खपून तू माझ्यासाठी बंदूक घडवलीस. अक्रोडाचा दस्ता माझ्या खांद्याला लावून लावून घासलास, नळी स्वतः बसवलीस. २००५ च्या जूनमध्ये तिच्या पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. बारसं झाल्यासारखा मी ते कागद गावभर दाखवत हिंडलो. मग सप्टेंबर उजाडला आणि ती बिघडली. गोळ्या कागदावर उभ्या रेघेत लागायला लागल्या, एक वर, एक खाली. मी कागद घेऊन तुझ्या दुकानात आलो. तू चष्मा कपाळावर सरकवलास आणि म्हणालास, "नळीत खोट असती तर गोळ्या चहूकडे फाकल्या असत्या, लोवेल. या नुसत्या वर-खाली लागताहेत. दारू कमी-जास्त पडतेय. तुझा काटा तपास."

तीस वर्षं काडतुसं भरणाऱ्याला तू काटा तपासायला सांगितलास! अर्ध्या गावाला मी शिकवलं होतं. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा, बोलत बोलत भरू नका, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नका, हे सगळं सांगणारा मी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कागद उचलला आणि दार आपटून निघालो.

तरी नोव्हेंबरात आपण शिकारीला बरोबरच गेलो, कारण सव्वीस वर्षं बरोबरच जात होतो. सव्वातीनशे यार्डांवर एल्कचा तो नर आडवा उभा होता. गोळी खाली गेली. पुढचा पाय मोडला आणि तो तसाच उतारावरून निघून गेला. दोन दिवस आपण रक्ताच्या मागावर बर्फ तुडवला. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला आणि माग बुजला. तो कुठल्या घळीत किती दिवस तडफडला असेल, याचा विचार मी अजून करतो. मला तेव्हा कुणावर तरी ते ढकलायचं होतं. रविवारी भर कॅफेत मी म्हणालो, "ऑरिनची नळी वाकडी आहे. बंदूक म्हणून त्याने मला काठी दिली." लोक हसले. तू दारातच उभा होतास, टोपी हातात घेऊन. टोपी परत डोक्यावर घातलीस आणि गेलास.

आता ऐक. २००७ चा फेब्रुवारी. मी बाकावर दारू तोलत होतो आणि मार्लिस धुण्याची टोपली घेऊन तळघरात आली. जिन्यातच थांबली. म्हणाली, "अहो, ही भट्टी सुस्कारा सोडते तेव्हा तुमचं पारडं खाली जातं. दिसत नाही का तुम्हाला?"

घर गरम करायची ती नवी भट्टी आम्ही २००५ च्या सप्टेंबरात बसवली होती. तिच्या हवेची जाळी बरोबर माझ्या बाकाच्या वर. भट्टी सुरू झाली की वारा पारड्यावर पडायचा, मला वजन भरल्यासारखं दिसायचं आणि दारू कमी जायची. भट्टी बंद झाली की पुन्हा बरोबर. उन्हाळ्यात भट्टी चालूच नसायची, म्हणून काडतुसंही बिघडायची नाहीत. मी काटा उचलून पार पलीकडच्या कोपऱ्यात नेला आणि वीस काडतुसं भरली. दुसऱ्या दिवशी पाचही गोळ्या एका नाण्याखाली.

मार्लिस म्हणाली, "कोट घाला आणि आत्ताच्या आत्ता जा त्याच्याकडे."

मी म्हणालो, "उद्या जातो."

मी गेलो नाही. पण एवढ्यावर थांबलो असतो तरी मी निव्वळ भित्रा ठरलो असतो. त्या हंगामात मी चारशे यार्डांवरून एल्क पाडला आणि कॅफेत व्हर्जिलने विचारलं, "काय रे, काठीला पालवी फुटली वाटतं?" तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, देवाशपथ. आणि तोंडातून निघालं, "आयडाहोतल्या एका माणसाकडून नवी नळी बसवून घेतली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवी नळी बसवली आणि बंदूक सुधारली, म्हणजे जुनीतच खोट होती. मी तुझ्याबद्दल आणखी एक अक्षरही बोललो नाही, तशी गरजच पडली नाही. दोन वर्षांनी तू दुकान बंद केलंस.

नळी तुझीच आहे, ऑरिन. पहिल्या दिवसापासून तुझीच. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

मार्लिस दर वर्षी हंगाम उघडला की विचारायची. मग विचारेनाशी झाली, नुसती बघायची. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तिने पुन्हा विचारलं, "सांगितलंत का हो ऑरिनला?" मी म्हणालो, "हो, सांगितलं. तो हसला." तिने माझा हात थोपटला. तिला मी दिलेली शेवटची गोष्ट म्हणजे ही थाप. मला तिची आठवण आली की आधी तेच थोपटणं आठवतं आणि मग मी उठून खाली तळघरात जातो.

उद्या मी कॅफेत हे सगळं सांगणार आहे. आधी तुला सांगावं म्हणून हे पत्र आज टाकतो.

लोवेल

२२ ऑक्टोबर २०१४

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र काल आलं. आधी कॅफेतलं सांगतो, मग त्याकडे येतो. त्याकडे यायला मला वेळ लागतोय, हे तू समजून घे.

सोमवारी सकाळी सगळे नेहमीच्या टेबलावर होते. मी उभा राहिलो. डार्लाला वाटलं मी बिल मागतोय. मी काटा, भट्टी, मार्लिस, नळी, सगळं सांगितलं. बसायच्या आधी म्हणालो, "ऑरिन क्वालेने घडवलेल्या बंदुकीत कधीही खोट नव्हती. खोट माझ्यात होती."

मग व्हर्जिल म्हणाला, "आणि तो आयडाहोतला माणूस?"

"असा कोणी माणूसच नाही."

"अरे बाबा, माझी बंदूक त्याच्याकडे पाठवायची म्हणून मी तीन वर्षं तुझ्याकडे पत्ता मागत होतो! शेवटी तो मेला म्हणालास तू! मी त्याच्या बायकोसाठी हळहळलो रे!"

कोणीतरी हसलं. व्हर्जिल हसत नव्हता. त्याने टोपी उचलली. म्हणाला, "माझ्या पोराच्या लग्नात मी ऑरिनला बोलावलं नाही. तुझ्याकडे बघून." आणि गेला. डार्ला माझा कप उचलून घेऊन गेली, त्यात अर्धी कॉफी होती. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस, मी तक्रार करत नाही. मंगळवारी मी गेलो तेव्हा टेबलावर जागा होती, पण खुर्ची कोणी सरकवली नाही. मी काउंटरपाशी बसलो.

आता तुझं पत्र. इतकं आखूड आहे की मला ते पाठ झालंय. तू लिहितोस की नळी तुझीच आहे हे तुला त्या थापेच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. शिकारीच्या तपासणी नाक्यावर माझी गाडी तुझ्या पुढे होती आणि बंदूक मागच्या काचेला टांगलेली होती. नळीच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, तू कानशीने आपल्या खुणेची एक बारीक खाच पाडतोस, ती तुला दिसली. मी ती खाच इतकी वर्षं ओरखडा समजत होतो. त्या दिवशीच कॅफेत येऊन मला उघडा पाडता आलं असतं तुला. तू लिहितोस, "पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

आणि मग ते दुकानाचं. मला वाटायचं गिऱ्हाइकं तुटली म्हणून तू ते बंद केलंस, आणि निदान तेवढ्याचा हिशेब माझ्या डोक्यात बसलेला होता. तू लिहितोस, "गिऱ्हाइकं होती थोडीफार. पण दुकान रस्त्याला लागून. गाडी हळू झाली की वाटायचं, तूच आलास. ते सोसेना म्हणून बंद केलं. शनिवारी निघतो. येऊ नकोस."

येत नाही. तू नको म्हणालास, पुरे झालं. गाडीत गुडघ्यांवर पांघरूण घे, खिंडीत गारठा असेल. जोलीनला आशीर्वाद.

फक्त एक गोष्ट राहिली, आणि तीही तुला ठाऊक असायला हवी. पोस्टात जाताना आणि परत येताना मी त्याच रस्त्याने जायचो, रोज दोनदा. दिवा दिसायचा, तुझं खाली वाकलेलं डोकं दिसायचं, आणि दर वेळी माझा पाय ब्रेकवर जायचा. दोन वर्षं, ऑरिन. ती हळू होणारी गाडी माझीच होती.

तुझ्या दाराशी कधीच न थांबलेला,
लोवेल