फोटोतला पत्ता

३ मार्च, रविवार

"त्या लेन्सने लग्नाचे ग्रुप फोटो काढा, बाई. पक्षी तुमच्या हातून व्हायचे नाहीत." — आमच्या फोटो क्लबचा सेक्रेटरी. समुद्रकाठच्या पार्कच्या गेटवर, सगळ्यांसमोर! त्याची स्वतःची टेली लेन्स माझ्या हाताएवढी लांब आहे. आजपासून त्याचं नाव तोफखाना.

माझ्याकडे दोनच लेन्स. एक मॅक्रो, किडे आणि फुलं यांच्यासाठी. दुसरी वाइड, तिच्यात अख्खा किनारा मावतो, पण लांबचा पक्षी मोहरीएवढा दिसतो. मग काय झालं? लेन्स जवळ जात नसेल तर मी जाईन. बघतेच आता.

५ मार्च

दिवसभर दवाखान्यात पेशंटचे एक्स-रे काढले. श्वास रोखा, सोडा. रोखा, सोडा. संध्याकाळी घरी न जाता तशीच पार्कात गेले.

मोडक्या धक्क्याच्या पलीकडे कोणी फिरकत नाही. तिथे एक चिखल्या, किनाऱ्यावर तुरुतुरु पळणारा तो चिमुकला पक्षी, माझ्यासमोर लंगडायला लागला. एक पंख वाळूत फरफटत. मी रोज मोडकी हाडं बघते, मला काय शिकवतोस? पंख धडधाकट होता. सोंग चाललं होतं! म्हणजे घरटं इथेच कुठेतरी, आणि ही बाई (बाईच असणार) मला भलतीकडे नेतेय. जागच्या जागी थांबले आणि खाली बघितलं. पायापुढेच वाळूत उथळसा खळगा आणि त्यात तीन अंडी. करडी, ठिपक्यांची, हुबेहूब खडे. अजून एक पाऊल टाकलं असतं तर?

उलट्या पावली मागे आले.

६ मार्च

जाऊबाई: "या वयात वाळूत लोळायचं? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, लोक म्हणतील, बाई वाळूत लोळतेय. नवरा पेपराआड हसला. शहाणा आहे.

९ मार्च, शनिवार

जमलं!! कॅमेरा घरट्याजवळ वाळूत ठेवला, वर वाळलेलं शेवाळ पसरलं आणि रिमोट घेऊन धक्क्याआड पालथी पडून राहिले. चिखल्याबाई आल्या, कॅमेऱ्याकडे तिरकं बघून घेतलं आणि बसल्या अंड्यांवर. एक्स-रेच्या पेशंटसारखा श्वास मीच रोखून धरला होता.

काय फोटो आलाय! पुढे चिखल्याबाई ऐसपैस, मागे मोडका धक्का, उजवीकडे लाल-पांढरा खांब, वर सगळं आभाळ. टेली लेन्समध्ये मागचं सगळं धूसर होऊन जातं. पक्षी समुद्रावर आहे की कोणाच्या गच्चीवर, काही कळत नाही. माझ्या फोटोत तिचं घर दिसतं. क्लबच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — लग्नाच्या लेन्सने.

लगेच सगळ्यांचं सुरू, कुठे, कुठे? तोफखान्याचंही एक "कुठे?" आलं. नाही सांगणार म्हणजे नाही सांगणार. मेले तरी नाही.

१० मार्च, रविवार

माझ्याआधी अख्खा क्लब धक्क्यापलीकडे हजर! तिपाया रोवून बसलेले. मी ओरडलेच, कोणी सांगितलं?

तोफखान्याने कॅमेऱ्यावरून डोळासुद्धा उचलला नाही. "तुम्हीच, बाई. मागे धक्का, उजवीकडे खांब. फोटोतच पत्ता लिहून दिलात की."

स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला मी. आणि वर मिरवत होते!

दोन्ही पक्षी लांब उभे राहून ओरडत होते. अंडी उन्हात उघडी. उठा इथून, म्हटलं. एक जण म्हणाला, "पार्क काय तुमच्या बापाचा आहे?" तेवढ्यात कावळा आला आणि एक अंडं घेऊन गेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सगळ्यांचे कॅमेरे खटाखट वाजले. तोफखान्याचा तेवढा वाजला नाही. तो लेन्सला टोपण लावून मान खाली घालून बसला होता. फोटो हुकला असेल, दुसरं काय.

११ मार्च

रात्री रडले. नवरा म्हणाला, "अगं, झालं ते झालं. आता सोड." का सोडू? दोन अंडी आहेत अजून.

पार्कच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब: "आमच्याकडे माणूस नाही. बघू." त्यांचं बघून होईपर्यंत रविवार येईल आणि क्लबही येईल. पत्ता मी दिलाय, तर तो पुसणारही मीच.

१३ मार्च

चिखल्याबाईंनी केलं तेच मी करणार. सोंग!

पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला टेहळणीच्या मनोऱ्याखाली वाळू आहे. नवऱ्याला बरोबर नेलं. "हे काय वय आहे का खडे वेचायचं?" असं म्हणत त्यानेच खिसे भरून खडे वेचले. दोन अगदी हुबेहूब निघाले. तिसऱ्याला बारीकशी पांढरी रेघ. "ही दिसेल हं," तो म्हणाला. रेघेची बाजू खाली केली, तरी टोकाशी जरा उरतेच. कोणाला दिसतेय!

टाचेने खळगा केला, त्यात खडे मांडले आणि वाइड लेन्सने फोटो काढला. या वेळी मनोरा मुद्दाम घेतला. ग्रुपवर लिहिलं — धक्क्याकडचं घरटं कावळ्याने संपवलं. मनोऱ्याखाली दुसरी जोडी बसलीय. दोरीपलीकडून बघा. दोरीही मीच बांधली, चांगली लांबवर.

घ्या आता पत्ता. आपणहून दिलाय.

१७ मार्च, रविवार

सगळे मनोऱ्याखाली! पण दोरीपासून बाकीच्यांच्या लेन्समध्ये नुसते ठिपके दिसतात. स्पष्ट दिसेल एवढी लांब लेन्स एकाचीच. त्यामुळे सगळे तोफखान्याच्या तोंडाकडे बघत बसले.

त्याने बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा लेन्समधून. "अंडीच आहेत," म्हणाला. "पक्षी संध्याकाळी येत असेल. दोरी कोणी ओलांडायची नाही."

एवढी मोठी तोफ, आणि खडे ओळखता येईनात! घरी येईपर्यंत हसत होते. येताना लांबूनच धक्क्याकडे नजर टाकली. चिखल्याबाई अंड्यांवर बसलेल्या.

२४ मार्च

निम्मा क्लब कंटाळून गळाला. तोफखाना मात्र रोज संध्याकाळी छोट्या स्टुलावर ठाण मांडून बसतो म्हणे. एकाने आज म्हटलं, चला, धक्क्याकडे एक चक्कर मारू. तर हा त्याच्यावर खेकसला, "तिकडे काय आहे आता? कावळे?"

धूळफेक करावी तर अशी! नवरा म्हणतो, "बिचारा." बिचारा कसला? लग्नाची लेन्स म्हणाला होता. बसू दे.

२९ मार्च

जाऊबाई स्वतःहून म्हणाल्या, "मला दाखवता का ते घरटं?" चक्क नाही म्हटलं. कोणालाच नाही.

३ एप्रिल

पिल्लं!! दोन. कापसाच्या बोळ्याला पाय फुटावेत तशी. एकदा धडपडली, मग आईमागे थेट पाण्याच्या कडेला पळाली. कॅमेरा गळ्यात होता. टोपण काढलं नाही. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि काढलाच नाही. भारी वाटतंय.

सोंग जिंकलं. आता कळवू का त्या तोफखान्याला, इतके दिवस कशासमोर बसलात ते?

५ एप्रिल

तोफखाना आज दवाखान्यात आला. स्टुलावर बसून बसून कंबर धरलीय. टेबलावर झोपवला, पाठ सरळ केली. छताकडे बघत हळूच म्हणाला, "धक्क्याकडची पिल्लं उतरली का सुखरूप?"

मी त्याच्या पाठीखाली प्लेट सरकवली.

"खडे छान निवडले होते, बाई. तिसऱ्याला तेवढी पांढरी रेघ होती."

काचेमागे गेले. श्वास रोखा म्हटलं, बटण दाबलं. सोडा म्हणायचं राहूनच गेलं.