लालासाहेबाचं मानपत्र

९ जानेवारी
लालासाहेब येऊन गेला. माजी कॅबिनेट मंत्री, तीन पक्षांत जाऊन आलेला — सोप्यात चटईवर बसला!
"गुरुजी, एकसष्टीचं मानपत्र तुमीच लिवायचं. कवितेत."
कवितेत! पाचवीत हा माझ्या शेवटच्या बाकावर. दुपारी काचेच्या कौलातून ऊन पाट्यांवर उतरायचं, सगळा वर्ग डोलत कविता म्हणायचा. किती गोड दिवस! आणि हा नुसते ओठ हलवायचा. पुढं राजकारणही तसंच केलं.
जाताना त्याचा पीए जयराज दारात थबकला. "आबा, पूजावैनींचं सायबांच्या कानावर हाय बरं का."
पूजा, माझी नातसून. लालासाहेबाच्या संस्थेत सात वर्षं तासिकेवर मराठी शिकवते. यंदा कायम झाली नाही, तर वय उलटलं.
म्हणजे सौदा.

१४ जानेवारी
एक ओळ सुचत नाही. मंत्री असताना लोणंदच्या वाटेवर एकाच पुलाचा नारळ तीनदा फोडला. पूल अजून नाही. यमक कशाशी जुळवू?

१६ जानेवारी
पूजा भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, मनात नसंल तर नका लिहू. मी बघीन माझं."
वळून पाहिलं नाही तिनं.

१७ जानेवारी
ट्रंकेत सापडलं! वीस वर्षांपूर्वी साताऱ्यात पाटणच्या मानसिंगरावांना दिलेलं मानपत्र — माझंच. तेव्हा लालासाहेब त्यांच्या खुर्चीमागं उभा राहून टाळ्या बडवत होता. आज दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
नाव बदललं. कोयनाकाठाचा कृष्णाकाठ केला. झालं! ज्याला पाचवीत चार ओळी पाठ झाल्या नाहीत, त्याला काय कळतंय? शिळं गरम करून वाढायचं. तेवढीच लायकी.

२ फेब्रुवारी
सांगलीत सत्कार. फेटे, ड्रोन, क्रेनला टांगलेला हार — शी!
मला त्याच्या शेजारीच बसवलं. निवेदकानं वाचलं, "भर उन्हातही शेतांवरती…" आणि पान उलटायला थांबला. तेवढ्यात माझ्या कानाशी हळूच —
"मेघ होउनी धरिली छाया."
पुढचीच ओळ!
"साताऱ्याचं हाय न्हवं, गुरुजी? वळखलं म्या. लय ग्वाड हाय." हसला. उठून पाया पडला. फोटोसाठी, दुसरं काय!
पूजाचं गेलं. माझ्या हातानं घालवलं.

५ फेब्रुवारी
घरात सांगायचं धाडस नाही. असली माणसं हसतात आणि डूख धरतात.

११ फेब्रुवारी
शिक्षण खात्याकडून पूजाच्या मान्यतेचं पत्र आलं. कायम झाली. वर संदर्भ छापलाय — संस्थेचा प्रस्ताव, दिनांक १२ जून. गेल्या वर्षीचा जून.
माझ्या चटईवर बसून चहा प्याला, आणि यातलं एक अक्षर बोलला नाही.