धाकटीचा ब्राउझर

९ फेब्रुवारी, सोमवार

झालं! दिलं साहेबांनी काम धाकटीला. कार्यालयं, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग — संस्थेतल्या एकूण एक मशीनवरचे ब्राउझर आता एकाच जागेवरून सांभाळायचे, आणि त्या जागेवर कोण? माझी धाकटी जाऊ! मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "नवं डोकं आहे, नवी दृष्टी आहे." म्हणजे आमचं डोकं भाड्याचं काय?

इतकी वर्षं कोणाचं पान उघडेना, कोणाचा पासवर्ड हरवला, कोणाच्या स्क्रीनवर मोटारगाडी जिंकल्याची जाहिरात नाचायला लागली, की फोन मला. "ताई, जरा येता का?" आणि मी हातातला घास ठेवून जायची.

हिचा अर्ज इथे आणून दिला तो पण मीच. भावोजींना म्हटलं होतं, घरात बसून कंटाळेल ती, पाठवा माझ्याबरोबर. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तो पण हौसेनं.

११ फेब्रुवारी

सासूबाई फोनवर आत्याबाईंना सांगत होत्या, "आमची धाकटी अख्ख्या संस्थेचं इंटरनेट सांभाळते!" इंटरनेट नाही हो, ब्राउझर. आणि मी काय तिथे माशा मारत होते?

लेकीला अभ्यासात काहीतरी अडलं. मी शेजारीच बसले होते. उठून गेली काकूकडे. "आई, तू फार समजावत बसतेस. काकू पटकन सांगते."

ह्यांच्यापाशी बोलायला गेले, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हुशार आहे ती." संपलं.

१३ फेब्रुवारी

जळतेय मी. लिहून टाकलं. लिहून काही बरं वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज साहेब संचालकांना नवी व्यवस्था दाखवायला आणणार होते. परीक्षा विभागात!

तिथलं गुण भरायचं पान फार जुनं आहे. ज्यानं बनवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला. नव्या ब्राउझरमध्ये उघडलं की नुसतं पांढरं दिसतं. ब्राउझरला सांगावं लागतं — बाबा रे, एवढं एक पान जुन्या मोडमध्ये उघड. सांगायचे मार्ग दोन. मधल्या यादीत पत्ता टाकला की सगळ्या मशीनना कायमचं कळतं. नाहीतर एकेका मशीनवर जाऊन हातानं सांगायचं. पण हातानं सांगितलेलं तो महिनाभरच लक्षात ठेवतो, मग चक्क विसरतो. तारीख तिथेच सेटिंगमध्ये बारीक अक्षरात असते, पण ती वाचतं कोण? मला एकदा तोंडघशी पडल्यावर कळलं.

तर धाकटीची यादी परीक्षा विभागापर्यंत पोचेचना. ती इमारत वेगळ्या गटात आहे, तो गट यादीला वेगळा जोडावा लागतो. काय तिची तारांबळ! शेवटी ओढणी कमरेला खोचून प्रत्येक मशीनवर जाऊन हातानं सांगत सुटली. मी दारात उभी राहून बघत होते. संचालक आले, पान उघडलं, टाळ्या!

मग साहेबांनी जाहीर केलं — ते जूनमध्ये दुसऱ्या शाखेत जाणार. "माझ्या खुर्चीत कोण, ते या वेळचे गुण भरून झाले की ठरवू." सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे एकानंही नाही.

बसमध्ये म्हणाली, "ताई, यादीचं सवडीनं नीट करते हं. तोवर चालतंय ना." मी "हं" म्हटलं. महिन्याचं काही बोलले नाही. उद्या सांगीन.

२० फेब्रुवारी

नाही सांगितलं. तीही यादीचं विसरलेली दिसते. ग्रंथालयातल्या ब्राउझरना चिकटलेली फालतू एक्स्टेन्शनं तिनं बसल्या जागेवरून काढून टाकली, तर ग्रंथपाल बाई तिच्यावरून जीव ओवाळून टाकायच्या बाकी आहेत. मी त्यांच्याकडे दोन जिने चढून जायची, तेव्हा साधं पाणी विचारलं नाही!

माझा फोन आज एकदाच वाजला. चुकीचा नंबर.

२ मार्च

परीक्षा विभागाची सूचना आली. गुण भरायची शेवटची तारीख अठरा मार्च. मी बोटांवर मोजलं. ब्राउझर विसरणार तेही नेमकं अठरालाच! आणि आपले प्राध्यापक शेवटच्या दिवसाआधी कधी गुण भरत नाहीत.

म्हटलं, पुरे झालं, आज सांगायचंच. संध्याकाळी ती कणीक मळत होती, मी भाजी परतत होते. तोंड उघडणार इतक्यात तीच म्हणाली, "ताई, साहेब विचारत होते, मला खुर्ची दिली तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? मी म्हटलं, छे! ताईंना कुठे हवाय आता एवढा ताण?"

म्हणे ‘आता’! म्हणजे माझं वय झालं! आणि हे ठरवणारी ही कोण?

गॅस मोठा केला. भाजी करपली.

५ मार्च

परीक्षा विभागातल्या अण्णांचा प्रिंटर अडला म्हणून गेले. अण्णा म्हणजे तिथले सर्वांत जुने कारकून. एका बोटानं टाइप करतात, आणि स्क्रीनवर जरा वेगळं काही आलं की त्यांना घाम फुटतो. प्रिंटर सुरू केला. मग सहज ब्राउझरचं सेटिंग उघडलं. होती तिथे — अठरा मार्च, बारीक अक्षरात. हात आपोआप गेला. जुनी नोंद काढली, नवी घातली. आता त्यांचं पान एप्रिलपर्यंत चालेल.

बाकीची मशीनं तिथेच होती, ओळीनं. वळून आले.

अण्णांची दया आली म्हणून केलं. म्हणजे दया अजून शिल्लक आहे माझ्यात! फक्त घरच्या माणसापुरती संपलीय.

१२ मार्च

सकाळी डोकं दुखत होतं. न सांगता धाकटीनं माझा डबा भरला, वर गोळीची पट्टी ठेवली. डबा उघडला आणि वाटलं, आत्ता उठावं आणि सांगून टाकावं. उठलेही. तेवढ्यात साहेब तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "शाब्बास, बेटा!"

मला उभ्या आयुष्यात कोणी बेटा म्हटलं नाही. बसले परत.

१७ मार्च

उद्या.

बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. आमचा थांबा आला तेव्हा उठवलं. तेवढंच.

१८ मार्च

दहाच्या सुमाराला पहिला फोन. मग एकामागून एक — आणि सगळे तिलाच. परीक्षा विभागात सगळ्या स्क्रीन पांढऱ्या! प्राध्यापक मंडळी तावातावानं उभी. "कालपर्यंत चालत होतं!" "हे असलं नवं करायला सांगितलंय कोणी?" धाकटीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. कबूल करते — बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं.

आणि कोपऱ्यातून अण्णांचा आवाज, "माझं चालतंय की!"

सगळी झुंड त्यांच्या खुर्चीमागे. अण्णा एका बोटानं दुसऱ्यांचे गुण भरताहेत, भोवती ही गर्दी, प्रत्येकाला आधी आपला नंबर हवा. धाकटी वाट काढत पुढे गेली. त्यांच्या मशीनचं सेटिंग उघडलं. खाली वाकून तारीख वाचली. मग शेजारच्या मशीनची वाचली. परत अण्णांची.

"अण्णा, हे कोणी केलं?"

"ताईंनी!" अण्णांना कोण अभिमान! "मध्यंतरी मुद्दाम येऊन गेल्या त्या. माझी काळजी असते त्यांना."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येताना मला दिसत होती — बस, ओटा, खांदा, सगळं.

मग मी तिच्या जागेवर जाऊन यादी दुरुस्त केली. त्या इमारतीचा गट जोडला, पत्ता टाकला, मशीनं बंद करून चालू करायला लावली. चहा निवायच्या आत सगळ्यांची पानं उघडली. इतकंच तर होतं काम!

१९ मार्च

साहेबांनी दोघींना आत बोलावलं. दार लावलं. त्यांनाही अण्णांचं कळलं होतंच. मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

आता भांडं फुटणार, संस्थेतून घरी, घरातून आत्याबाईंकडे —

"ताईंनी मला सांगितलं होतं, सर," धाकटी म्हणाली. "दोनदा सांगितलं. माझ्याकडूनच राहिलं."

आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. साहेब तिला लागेल असं बरंच बोलले. तिनं ऐकून घेतलं. मी तिथेच उभी होते, खरं बोलायला तोंड होतं, मोकळं होतं. नाही उघडलं.

घरी आल्यावर ओट्यापाशी गाठलं तिला. म्हटलं, "का केलंस असं?" भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "इथे रोज आपल्या दोघींनाच उभं राहायचंय ना, ताई."

मघापासून रडतेय. आणि रडता रडता मनात काय यावं? — मोठेपणाही हिलाच जमावा!

३० मार्च

खुर्ची मला मिळाली. पत्र आलं. घरात सगळे खूश. सासूबाई आत्याबाईंना फोन लावून बसल्या, या वेळी माझ्यासाठी.

धाकटीनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. "घ्या, मॅडम."

लेक खो खो हसली. "काकू, घरी कसली गं मॅडम!" सगळेच हसले. मीही हसले.

ती हसली नाही.