पडद्याचा वेगळा पंप

४ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना हा कागद कशाला, असे तू विचारणार नाहीस. कागद लागणार हे तुला माझ्याआधी कळले असेल. बाबांनी पोहण्याचा तलाव माझ्या नावे केला, पण बांधकामात फेरफार करायचा तर आपल्या दोघांची लेखी संमती हवी, हे कलमही त्यांनीच घातले. ती संमती मागण्यासाठी लिहितो आहे.

रचना तुला ठाऊक आहेच, तरी मांडतो. नाहीतर 'गृहीत धरलेस' असा शेरा मारून पत्र परत पाठवशील. पंप एकच. त्यातून निघालेल्या पाण्याचे दोन फाटे होतात: एक वाळूच्या फिल्टरकडे जातो, दुसरा उथळ बाजूच्या दगडी भिंतीवर, जिथून बाबांचा पाण्याचा पडदा खाली कोसळतो. शिकणारे पाण्यात असेपर्यंत पडदा चालू राहिलाच पाहिजे, ही बाबांची ताकीद. कुणी बंद करू नये म्हणून मधली चावी त्यांनी मुळात बसवलीच नाही. परिणाम असा, की पाण्यात माणसे सर्वांत जास्त असतात नेमक्या त्याच वेळी फिल्टरला निम्मेच पाणी मिळते. बाबांकडे दहा जण शिकत, माझ्याकडे चाळीस. दुपारपर्यंत तलावाची धुण्याची बादली होते.

उपाय एकच: पडद्याला त्याचा वेगळा पंप. खोल बाजूच्या भिंतीला दोन छिद्रे पाडायची (दोन, कारण एकच असले तर त्याच्या ओढीने माणूस चिकटून बसण्याची भीती), तिथून पाणी ओढून थेट दगडी भिंतीवर सोडायचे आणि जुना फाटा बंद करायचा. मग जुना पंप सगळाच्या सगळा फिल्टरचा. प्लंबर आठवड्याचे काम म्हणतो. ही म्हणते, काम आठवड्याचे, पण ताईंना पटेपर्यंत आपले हातपाय थकतील.

आजवर जी माया केलीस तीत खंड पडू देऊ नकोस, एवढे मागून थांबतो.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. मजकूर स्वच्छ आहे. तुझ्या तलावापेक्षा स्वच्छ, असे तुझ्याच कबुलीवरून म्हणावे लागते.

तू लिहितोस की पंप तोच, पडदा तोच, माणसे मात्र चौपट. तीन गोष्टींपैकी बदलली ती एक, आणि दोष लागला तो न बदललेल्या दोहोंना. याला युक्तिवाद म्हणत नाहीत, सोय म्हणतात. शिवाय बावन्न वर्षांत जी भिंत थेंबभर गळली नाही, तिला भोके पाडण्याचा प्रस्ताव तू एका आठवड्याचे काम म्हणून मांडतोस. बिघडवायला आठवडा पुरतो, हे मी मान्य करते.

मुख्य मुद्दा निराळा आहे. घरचा शिरस्ता तू विसरलास. जेवणाच्या टेबलावर बाबा आपल्याला भांडू देत ते एकाच अटीवर: समोरच्याचे म्हणणे आधी आपण असे मांडायचे की त्याने 'हेच माझे म्हणणे' असे कबूल करावे, खोडायचे ते त्यानंतर. पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मला याहून चांगला नियम सापडला नाही. तू पंपाची बाजू मांडलीस. माझी मांडून पाठव. तिच्याखाली मी सही केली, की पुढचे बोलू.

सौ.ला सांग, माझे हातपाय ठीक आहेत. तिच्या वाटच्या आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे तुझी बाजू मांडतो. ताईचे म्हणणे असे: बाबांनी जे केले ते शहाणपणाचे शेवटचे टोक, त्यापुढे जगात पाइपसुद्धा नवा निघालेला नाही. ताई तलावापासून दोन दिवसांच्या वाटेवर राहते आणि पाण्यात उतरत नाही, त्यामुळे गढूळ पाणी तिच्या नाकातोंडात जात नाही. सबब, पंप नको. कर सही.

थट्टा सोडतो. दुपारनंतर तळाच्या काळ्या रेघा दिसत नाहीत, ताई. क्लोरीन वाढवले की डोळे झोंबतात, कमी केले की पाणी हिरवट होते. माणसे कमी कर म्हणतेस. कुणाला घरी पाठवू? परवा एक बाई आल्या. कपडे शिवतात, दिवसभर मान खाली घालून पाठ धरली, म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितले. पहिल्या दिवशी पायरीवरच रडू कोसळले. पडदा चालू होता, म्हणून शेजारच्यालाही कळले नाही. घाबरणाऱ्याचे रडणे चारचौघांत ऐकू जाऊ नये, यासाठीच तर बाबांनी तो बांधला. मला तो नकोसा झालेला नाही. तो राहावा म्हणूनच पंप मागतो आहे.

राग आला तरी पत्र लिहीत राहा.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे माझे म्हणणे नाही. हे माझे व्यंगचित्र आहे, आणि तेही घाईत काढलेले. सही नाकारते.

कुणाला घरी पाठवू, हा तुझा प्रश्न काळजाला हात घालतो, मुद्द्याला नाही. शिवणाऱ्या बाईंविषयी मला सहानुभूती आहे. पण सहानुभूती हा पुरावा नव्हे. माझा विरोध कशाला आहे हे तुला अजून दिसलेले नाही. मी सांगितले तर ते माझे मांडणे होईल, तुझे समजणे होणार नाही. पुन्हा विचार कर, पुन्हा लिही. घाई नाही.

प्रकृतीला जप. माझे आशीर्वाद मतभेदावर अवलंबून नसतात.

तुझी,
ताई


११ एप्रिल

ती. स्व. ताईस,
न. वि. वि.

काल चारच्या वर्गात शिवणाऱ्या बाई बुडाल्या. वाचल्या, हे आधी लिहितो.

मी काठावर होतो. सवयीने डोकी मोजली: एकोणीस. वीस हवी होती. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजली. तळ दिसत नव्हता. पांढुरक्या पाण्याखाली काहीच दिसत नव्हते. त्यांनी हाक मारली असेल, पण पडद्याच्या आवाजात ऐकू आली नाही. ही कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि चाचपडत निघाली, तेव्हा तिच्या पायाला त्यांचे केस लागले. बाहेर काढून मी छाती दाबत होतो आणि पडदा तसाच कोसळत होता, कारण तो बंद करायची सोयच नाही.

आज शुद्धीवर आहेत. त्यांच्या मुलीने मला दवाखान्याच्या जिन्यात गाठून विचारले, तुम्ही बघत होता ना? मी हो म्हणालो. खरेच बघत होतो.

वर्ग बंद केले आहेत.

घाई नाही, असे तू लिहिले होतेस.

धाकटा


१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाई वाचल्या हे वाचून जिवात जीव आला. सौ.चे धाडस मोठे. तिला माझ्यातर्फे सांग.

आता जे लिहिते ते कठोर वाटेल, पण तुझ्या हितासाठीच गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एका नजरेखाली वीस माणसे, हा निर्णय तुझा. तळ दिसत नाही हे तू फेब्रुवारीतच लिहिले होतेस. दिसत नसूनही वर्ग चालू ठेवला, तोही निर्णय तुझाच. पंप असता तर बाई बुडाल्या नसत्या, असे तू लिहिलेले नाहीस, परंतु मी तसे वाचावे अशी तुझी इच्छा दिसते. ते सिद्ध होत नाही. नितळ पाण्यातही माणसे बुडतात.

तुझ्या दुःखात मी सहभागी आहे, निष्कर्षात नाही.

झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई


३० एप्रिल

ती. स्व. ताईस,
न. वि. वि.

तुझे पत्र हिने वाचले आणि ती उठून गेली. मी चार वेळा वाचले. वर्ग बंद असल्यामुळे वेळ पुष्कळ आहे. रिकाम्या तलावाच्या काठी बसून तुझी बाजू पुन्हा मांडतो आहे. या खेपेस थट्टा नाही.

ताईचे म्हणणे असे. मी अकरा वर्षांची होते. बाबा सगळ्या गावाला पोहायला शिकवत, आणि त्यांची स्वतःची मुलगी पायरीवर उभी राहून किंचाळत असे. काठावरचे लोक हसत. बाबांनी मला गप्प राहा म्हटले नाही. त्यांनी भिंत बांधली आणि तिच्यावरून पाणी सोडले, म्हणजे मला हवे तेवढे ओरडता यावे. तरीही मी शिकले नाही. पुढे तलाव धाकट्याला मिळाला, ते योग्यच झाले. तो मासा होता. मला मिळाली ती एक सही. तो पडदा तलावाच्याच पंपावर चालतो तोवर तलाव चालवणाऱ्याला पडदा चालवावाच लागेल. वेगळा पंप म्हणजे वेगळे बटण. वेगळे झालेले कधी ना कधी बंद होते. आणि त्यावाचून कुणाचे काहीच अडत नाही, म्हणून ते बंद झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

यातले काही मला ठाऊक होते, काही आईने जाण्यापूर्वी सांगितले होते. उरलेले काठावर बसल्यावर सुचले. पहिल्याच पत्रात सुचायला हवे होते.

चुकले असेल तर सही करू नकोस. 

धाकटा


८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हेच माझे म्हणणे. खाली सही केली आहे.

शिरस्त्याप्रमाणे आता ते खोडण्याचा हक्क तुझा. तू तो बजावण्यापूर्वीच संमतिपत्र सोबत जोडते.

तुझी,
ताई


१० जुलै

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंप बसला. भिंत गळत नाही. पाणी इतके नितळ आहे की खोल बाजूला नाणे टाकले तर छापा की काटा ते वरून सांगता येते. तपासणीचे अधिकारी आले, काठावरून तीन फेऱ्या मारल्या, चालू करा म्हणाले. आता एका वर्गात दहाच जण घेतो. हे तुझेच म्हणणे होते. नाकारण्यात अर्थ नव्हता.

पुढचे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी दोन्ही पंप लावले. पडदा पूर्वीपेक्षाही दाट पडला. दहाच्या दहा डोकी स्पष्ट दिसत होती, तळाच्या रेघा दिसत होत्या, आणि तरी मी ती पुन्हा पुन्हा मोजत राहिलो, कारण मला काही ऐकू येत नव्हते. पाच मिनिटांत बटण बंद केले. रोज वाटते, उद्या लावू. आज अठरावा दिवस. शिकणाऱ्यांपैकी एकानेही विचारले नाही.

तू म्हणालीस तसेच झाले. मला वाटले होते, निदान काही वर्षे जातील. आणि तू लिहिण्याआधी मीच लिहितो: पडदा बंदच ठेवायचा होता तर जुना पंप पुरेसा होता. एक चावी बसवली असती तरी भागले असते. आपण दोघांनी चार महिने पत्रे लिहिली, आणि हे दोघांपैकी एकालाही सुचले नाही, कारण पडदा चालू राहिला पाहिजे यावर आपले एकमत होते.

बाई पुन्हा आल्या नाहीत. बाजाराच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली त्यांचे दुकान आहे, तिथे गेलो होतो. दारातच उभ्या राहून बोलल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

तुझ्या मायेवर माझा हक्क किती उरला आहे, हे मोजायला बसलेलो नाही.

धाकटा


२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मागच्या आठवड्यात मी तुझ्या गावात येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही, याचे कारण विचारू नकोस. ते चांगले नाही.

गाऊनचे कापड घेऊन बाईंच्या दुकानात गेले. मी कोण हे सांगायचे, असे ठरवून गेले होते. खांद्याचे माप घेताना त्या म्हणाल्या की खांदे फार आखडले आहेत, पोहायला जात चला. आणि म्हणता म्हणता स्वतःच हसल्या. मी विचारले, आपण जाता का. तेव्हा टेप गळ्यात अडकवून त्यांनी सगळे सांगितले, एखाद्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसे. डोळे उघडे होते, पण पांढऱ्यापलीकडे काही नव्हते. ऐकू येत होते ते फक्त पडणारे पाणी. त्यांना वाटले, वर सगळ्यांचे छान चालले आहे, आपलेच तेवढे चुकले. आता हातपाय आपटून सगळ्यांचा खोळंबा कशाला करायचा. त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नाही, हा तुझा समज चुकीचा आहे. त्यांनी हाक मारलीच नव्हती. त्यांना लाज वाटली होती.

पावतीवर लिहायला त्यांनी नाव विचारले, तेव्हा मी खोटे नाव दिले.

पडदा ठेवायचा, पाडायचा की नव्या पंपासकट विकून टाकायचा, ते तू ठरव. सोबत कोरा कागद आहे, खाली माझी सही आहे. वर काय लिहायचे ते लिही; मला वाचायला पाठवू नकोस.

लोभ मागण्याचा प्रघात आहे. या खेपेस मागत नाही.

तुझी,
ताई

ता. क. गाऊन शुक्रवारी तयार होईल. पावती जोडली आहे. आणायला तू जा. मला त्या जिन्याखाली दुसऱ्यांदा उभे राहता येणार नाही.