कुडाचं घर

सर, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. तुमची आठवण मला वर्षातून एकदाच येते, आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना माणसाने पहिला निवारा कसा बांधला ते शिकवते त्या दिवशी. पाचवीत तुम्ही आम्हाला हेच शिकवलं होतंत, आणि जवळजवळ सगळं चुकीचं. माहीत नसणं मी समजून घेतलं असतं. पण न माहीत असलेली गोष्ट तुम्ही ज्या तोऱ्यात सांगायचात, त्याची मला अजून किळस येते. आधी गुहा, मग झोपडी, मग घर, मग बिल्डिंग. फळ्यावर चार चित्रं, आणि चौथ्यावर खडू आपटून तुम्ही म्हणायचात, "इथे आपण."

आम्ही तेव्हा खाडीकाठच्या मुर्धा गावात राहायचो. बाबा मिठागरावर कामाला, घर कुडाचं, कारवीच्या काठ्यांच्या भिंतींना शेणमातीचा लेप दिलेलं. तुम्ही घराची प्रतिकृती करून आणायला सांगितलीत, तेव्हा आईने एका फळीवर मातीचा जाड थर दिला आणि मला घर बांधायला शिकवलं. "आधी मेढी पुर," खांबांच्या काड्या हातात देत ती म्हणाली, "मेढ खोल गेली न्हाय तं वारा सगला उचलून नेल." बाकीच्यांनी पुठ्ठ्याच्या बिल्डिंगी आणल्या होत्या. तुम्ही माझी फळी उचलून वर्गाला दाखवलीत. "हा बघा आदिमानव. गुहेतून नुकताच बाहेर पडलाय. आता राहतं का कोणी असं?" शेजारची मुलगी म्हणाली, "सर, ही राहते." आधी तुम्ही हसलात, मग वर्ग हसला. शाळा सुटेपर्यंत माझं नाव 'गुहा' होतं.

पुढे शिकताना एका उत्खननावर गेले. तिथे ऊन चढण्याआधी जमिनीत काळपट गोल डाग दिसत होते, ओळीने. आमच्या बाईंनी सांगितलं, ही घराच्या खांबांची भोकं, लाकूड केव्हाच कुजलं. माती उपसलेल्या एका भोकात मी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी मेढ खोल पुरली होती. गुहा दगडाची म्हणून टिकली आणि तुमच्यासारख्यांना वाटलं, माणसं तिथेच राहत होती. काठ्यांची घरं मातीत गेली, म्हणून ती तुम्ही हिशेबातच धरली नाहीत. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचं, ही तुमची सगळी विद्वत्ता.

मग मी आर्किटेक्ट झाल्यावर हाटकेश भागातल्या एका सोसायटीने मला बिल्डिंग तपासायला बोलावलं. तळमजल्यावरचं दार तुम्ही उघडलंत. तुम्ही मला ओळखलं नाहीत, मी लगेच ओळखलं. हॉलमध्ये टीव्हीसाठी भिंतभर कपाट केलेलं, आणि त्याच्यामागे खांब दोन्ही बाजूंनी छिलून बारीक केलेला, सळ्या उघड्या.

"हा कोणी तासला?"

"मीच करवून घेतला. कपाट बसत नव्हतं ना मॅडम."

"वर चार मजले आहेत. माणसं राहतात."

"अहो, काँक्रीट आहे ते," तुम्ही हसून म्हणालात, तेच हसू, "झोपडी नाही पडायला."

मी रिपोर्ट लिहिला, एक शब्दही सौम्य न करता. लोखंडी टेकू लागले, वरची बिऱ्हाडं चार महिने नातेवाइकांकडे राहिली, खांबाला नवं काँक्रीट चढलं. बिल्डिंग आज उभी आहे. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत राहिलात की त्या बाईने उगाच घाबरवलं. मुलाच्या घरी गेलात आणि तिथेच वारलात. शोकसभेला 'समाज घडवणारे शिक्षक' असं कोणीतरी बोललं म्हणे. मी गेले नव्हते.

हे पत्र कुठे टाकणार, आणि खरं तर तुम्हाला वाचायला द्यायचंही नाही. कारण त्या दिवशीचं एक राहिलंय. मी टेप गुंडाळत असताना तुम्ही चहा पुढे केलात आणि विचारलंत, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी म्हणाले, "दादरच्या."

आई तेव्हा मुर्ध्यालाच होती.